मराठवाड्यात बी.कॉम. करताय? अकाउंट्स आणि फायनान्स हाताला बसेल असा अभ्यास

लातूर पॅटर्न म्हटलं की सगळ्यांना नीट आणि जेईईचे क्लास आठवतात. त्या गर्दीत कॉमर्सला गेलेल्या पोराला पाहुणे हमखास विचारतात, "सायन्सला नंबर नाही लागला का?" मग पोरगंही तीन वर्षं तसंच वागतं. कॉलेजात हजेरीपुरतं जायचं, परीक्षेच्या तोंडावर गाईड आणायचं, पास व्हायचं. डिग्री मिळते, पण समोर कोरी वही ठेवून दुकानाचा ताळेबंद मांडायला सांगितलं की हात थांबतो.

हा लेख ज्यांना हा विषय खरंच यायला हवा आहे त्यांच्यासाठी आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. आपल्याकडे क्लास कमी असतील, पण हिशोबाचे खरे कागद हाताशी भरपूर आहेत: मोंढ्यातली पट्टी (आडत्यानं दिलेला मालविक्रीचा हिशोब), पतसंस्थेचा छापील अहवाल, कारखान्याचं उसाचं बिल, बचत गटाचं रजिस्टर. पुस्तकाशेजारी हे कागद ठेवून जो अभ्यास करतो, त्याला विषय लवकर कळतो.

प्रवेश घेताना

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे (स्थापना १९५८) आहेत. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे (स्थापना १९९४). बी.कॉम.साठी सीईटी लागत नाही. बीबीए आणि बीएमएससाठी २०२४ पासून राज्यात सीईटी सुरू झाली आहे, ते लक्षात ठेवा.

कॉलेजची इमारत बघू नका. सेकंड इयरच्या दोन-तीन पोरांना गाठून विचारा: अकाउंट्सचा तास खरंच होतो का, शिकवणारे सर कायमचे आहेत की तासिका तत्त्वावरचे, आणि तास सकाळी असतात की दुपारी. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण दुसऱ्या वर्षापासून दुपारी एखाद्या ऑफिसात बसायचं असेल तर सकाळचं कॉलेजच कामाला येतं. नोकरी किंवा घरामुळे रोज जाणं शक्यच नसेल, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं बी.कॉम. आहे. तिथं शिस्त मात्र स्वतःलाच लावावी लागते.

नव्या शैक्षणिक धोरणात क्रेडिटचा हिशोब असतो. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. एबीसी खातं (हे क्रेडिट जमा होतात ते ऑनलाइन खातं) पहिल्याच महिन्यात उघडा आणि त्यावरचं नाव दहावीच्या मार्कशीटशी अक्षरन् अक्षर जुळतंय का ते बघा. महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला, जात प्रमाणपत्र, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर आणि आधारशी जोडलेलं बँक खाते हे सगळं निकाल लागायच्या आधीच तयार ठेवा. जुलैत सेतू केंद्रापुढे रांगा लागतात.

पहिला महिना: एक पट्टी, दोन वह्या

बारावीला पुस्तपालन आणि लेखाकर्म घेतलेलं असलं तरी बहुतेकांची गाडी नावे-जमा (डेबिट-क्रेडिट) इथंच अडलेली असते. नियम पाठ असतात: घेणाऱ्याचे खाते नावे, देणाऱ्याचे जमा, जे येते ते नावे, जे जाते ते जमा, खर्च-तोटे नावे, उत्पन्न-नफा जमा. पण बँकेच्या पासबुकात आपले पैसे भरले की ते "जमा" कसे, आणि आपल्या वहीत बँक "नावे" कशी, असं विचारलं की गोंधळ होतो.

त्यावर हा व्यायाम करा. घरातून किंवा शेजाऱ्याकडून आडत दुकानाची एक जुनी पट्टी घ्या. समजा तुमच्या वडिलांनी जूनमध्ये बी-खतासाठी आडत्याकडून १०,००० रुपये उचल घेतली. ऑक्टोबरमध्ये १२ क्विंटल सोयाबीन ४,४०० रुपये भावानं लागलं, म्हणजे ५२,८०० रुपये झाले. हमाली-तोलाईचे ४०० कापले, उचल वळती केली आणि ४२,४०० रुपये बँकेत आले. (उचलीवर व्याज लागत असेल तर ती ओळ तुम्हीच वाढवा.)

आधी आडत्याच्या वहीत बसा. जूनमध्ये वडिलांचं खातं नावे १०,०००, रोख खातं जमा. ऑक्टोबरमध्ये माल घेणारा व्यापारी नावे ५२,८००, वडिलांचं खातं जमा ५२,८००. मग वडिलांचं खातं नावे ४००, हमाली-तोलाई देणे जमा ४००. आता खतावणीत वडिलांच्या खात्याची बाकी काढा: जमा बाजू ५२,८००, नावे बाजू १०,४००, म्हणजे ४२,४०० जमा बाकी. एवढं आडत्यानं वडिलांना द्यायचं आहे. पैसे दिले की वडील नावे, बँक जमा, खातं मिटलं.

दुसरी वही वडिलांची. तिथं जूनमध्ये रोख नावे, आडत्या जमा. ऑक्टोबरमध्ये आडत्या नावे ५२,८००, सोयाबीन विक्री जमा. हमाली खर्च नावे ४००, आडत्या जमा. शेवटी बँक नावे ४२,४००, आडत्या जमा. व्यवहार तोच आहे, पण एका वहीत जे खातं जमा आहे त्याचा जोडीदार दुसऱ्या वहीत नावे आहे. पासबुक ही बँकेची वही आहे, तुमची नाही. हे एकदा हातानं लिहिलं की तो गोंधळ पुन्हा होत नाही, आणि पुढं बँक जुळवणी पत्रकही सोपं जातं.

असंच किराणा दुकानाच्या उधारीचं, दूध डेअरीच्या दहा दिवसांच्या हप्त्याचं, बचत गटाच्या अंतर्गत कर्जाचं करून बघा. पहिल्या महिन्यात टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडायचं नाही. संगणक तेरीज (ट्रायल बॅलन्स) स्वतः जुळवतो, त्यामुळे चूक कुठं झाली ते शोधायची सवय लागत नाही.

पहिलं वर्ष: समायोजनांत मार्क जातात

अंतिम लेख्यांच्या गणितात फॉर्म्याट येत नाही म्हणून कोणी नापास होत नाही. नापास होतात ते गणिताच्या खाली दिलेल्या समायोजनांमुळे, म्हणजे वर्षअखेरीस हिशोबात करायच्या दुरुस्त्यांमुळे. अखेरचा साठा, देणे मजुरी, आगाऊ भरलेला विमा, घसारा, बुडीत आणि संशयित कर्जाची तरतूद, प्रत्येकाचे परिणाम दोन ठिकाणी होतात. पोरं एक लिहितात, दुसरा विसरतात, मग ताळेबंद जुळत नाही आणि परीक्षेत अर्धा तास फरक शोधण्यात जातो.

पद्धत अशी ठेवा. प्रश्न वाचला की उत्तर मांडायच्या आधी प्रश्नपत्रिकेवरच प्रत्येक समायोजनाशेजारी पेन्सिलीनं दोन जागा लिहा. उदाहरणार्थ, देणे मजुरी ५,०००: "व्यापार खातं, मजुरीत मिळवा" आणि "ताळेबंद, देयता बाजू". घसारा: "नफा-तोटा, नावे" आणि "मत्तेतून वजा". उत्तरात एक जागा भरली की एक टिक, दुसरी भरली की दुसरी. दोन टिक नसलेलं समायोजन दिसलं की तिथंच थांबा. मात्र तेच समायोजन तेरजेच्या आत दिलेलं असेल तर परिणाम एकच होतो. परीक्षकांचा हा आवडता सापळा आहे.

रोज किमान एक पूर्ण गणित, पेन आणि आखीव कागदावर, घड्याळ लावून. सोडवलेलं उत्तर वाचणं म्हणजे अभ्यास नव्हे. त्यानं सगळं येतंय असा भास होतो. कॅल्क्युलेटर साधा, बारा अंकी घ्या आणि त्यावरची एम प्लस, एमआरसी, जीटी ही बटणं वापरायला शिका. वर्गातल्या निम्म्या पोरांना ती कशासाठी आहेत हेच माहीत नसतं, आणि तीन तासांच्या पेपरात त्या बटणांमुळे दहा-पंधरा मिनिटं सहज वाचतात.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजीला घाबरून विषय सोडू नये, पण तीन वर्षं इंग्रजी टाळूही नये. विद्यापीठाचा पेपर मराठीत लिहायची सोय आहे का ते कॉलेजात विचारा, आणि असेल तर खुशाल मराठीत लिहा. सीएची परीक्षा मात्र इंग्रजी किंवा हिंदीतच देता येते, आणि ऑफिसातली सॉफ्टवेअर इंग्रजीत असतात. त्यामुळे पहिल्या दिवसापासून वहीत दोन रकाने करा, एका बाजूला मराठी संज्ञा, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, आणि गणित सोडवताना खात्यांची नावं आलटून पालटून दोन्ही भाषांत लिहा.

पुस्तकांबाबत एवढंच: वित्तीय लेखांकन, परिव्यय लेखांकन, सांख्यिकी यांची जुनी पुस्तकं बिनधास्त घ्या, फक्त अभ्यासक्रम जुळतो का ते बघा. कराचं पुस्तक जुनं घेऊ नका. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला, कलमांचे क्रमांक बदलले, आणि मागील वर्ष व कर निर्धारण वर्ष या जोडीऐवजी "कर वर्ष" आलं. जीएसटीचे दरही २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलले. सीनियरनं फुकट दिलेलं पुस्तक इथं महागात पडतं.

फायनान्स: व्याज आधी, शेअर नंतर

फायनान्स म्हटलं की पोरं मोबाइलवर शेअर बाजाराचं ॲप उघडतात. ते राहू द्या. आधी पैशाचं कालमूल्य, म्हणजे आजचा रुपया आणि वर्षानंतरचा रुपया सारखा नसतो हे पक्कं करा, आणि त्यासाठी गावातलंच उदाहरण घ्या.

सावकार "शेकडा तीन रुपये" म्हणतो, म्हणजे महिन्याला ३ टक्के. वर्षाचे ३६ टक्के झाले, असं सगळे म्हणतात. पण व्याज थकलं आणि ते मुद्दलात चढत गेलं तर १.०३ चा बारावा घात काढा: १.४२५८. म्हणजे वर्षाला ४२.५८ टक्के. चक्रवाढीचं सूत्र पाठ करण्यापेक्षा हा आकडा एकदा स्वतः काढा.

दुसरं उदाहरण दुचाकीच्या कर्जाचं. शोरूममध्ये सांगतात, "फक्त १० टक्के फ्लॅट." ६०,००० रुपये, दोन वर्षं. व्याज १२,०००, एकूण ७२,०००, महिन्याला ३,००० चा हप्ता. ऐकायला स्वस्त. पण मुद्दल तर दरमहा कमी होत असतं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ६०,००० वर लावलेलं असतं. एक्सेलमधलं रेट हे सूत्र घ्या, हप्ते २४, हप्त्याची रक्कम उणे ३,०००, आजची किंमत ६०,०००. उत्तर येईल महिन्याला साधारण १.५१ टक्के, म्हणजे वर्षाला १८ टक्क्यांहून थोडं जास्त. हेच अंतर्गत परतावा दराचं तत्त्व आहे, जे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी भांडवली अंदाजपत्रकाच्या प्रकरणात तुम्हाला अवघड म्हणून भेटणार आहे.

मग कंपन्यांकडे वळा. वाळूजच्या एंड्युरन्स टेक्नॉलॉजीज आणि व्हॅरॉक इंजिनीअरिंग या दोन्ही शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या आहेत, दोन्ही वाहनांचे सुटे भाग बनवतात, आणि दोघींचे वार्षिक अहवाल संकेतस्थळावर फुकट मिळतात. तीनशे पानं बघून दडपून जाऊ नका. आधी लेखापरीक्षकांचा अहवाल, मग रोख प्रवाह पत्रक, मग ताळेबंद, आणि नफा-तोटा शेवटी. नफा वाढतोय पण कामकाजातून येणारी रोख वाढत नाही, असं दिसलं तर पैसा कुठं अडकला ते येणेकरी आणि साठ्याच्या आकड्यांत शोधा. दोन कंपन्यांची पाच वर्षांची पाच गुणोत्तरं एका पानावर मांडा. तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी हे इंटरनेटवरून उतरवलेल्या प्रबंधापेक्षा कितीतरी बरं, आणि मुलाखतीत त्यावर बोलताही येतं.

पतसंस्थेचा अहवाल वाचायला शिका

हे माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित साधन आहे. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत व्हायच्या असतात. त्या सुमारास घरोघरी छापील अहवाल येतात, आणि बहुतेक ठिकाणी त्यावर चिवडा बांधला जातो. तो वाचवा. सगळा मराठीत असतो, ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक पूर्ण असतं, शेजारी मागच्या वर्षाचे आकडेही असतात.

काय बघायचं? ठेवी किती आणि त्यातून कर्ज किती दिलं. थकबाकी आणि एनपीए (वसुली थांबलेली कर्जं). ऑडिट वर्ग (लेखापरीक्षणात संस्थेला मिळालेली श्रेणी) कोणता, आणि तो गेल्या वर्षीपेक्षा घसरलाय का. संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना दिलेलं कर्ज. आणि मत्ता बाजूला "येणे व्याज" ही ओळ. कर्ज १० टक्क्यांनी वाढलं आणि येणे व्याज दीडपट झालं, तर वसूल न झालेलं व्याज उत्पन्नात धरलं जातंय का, अशी शंका घ्या. मग देयता बाजूला थकीत व्याजाची तरतूद शोधा. तेवढ्या रकमेची तरतूद नसेल तर दाखवलेला नफा कागदावरचा असू शकतो. उपार्जित उत्पन्न आणि तरतूद या दोन संकल्पना वर्गात जितक्या कंटाळवाण्या वाटतात, तितक्या इथं वाटत नाहीत. मराठवाड्यात बुडालेल्या पतसंस्था आणि मल्टिस्टेटचे ठेवीदार अजून चकरा मारतायत. त्यात भर अशी की बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. घरी एवढं सांगितलं तरी डिग्रीचा खर्च निघाला म्हणायचा.

दुसरं वर्ष: टॅली, एक्सेल आणि एखादं ऑफिस

पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यात टॅली शिका, पण त्याहून जास्त वेळ एक्सेलला द्या. व्हीलुकअप, सम-इफ आणि पिव्हट टेबल एवढं हाताला बसलं की ऑफिसात तुमची किंमत वाढते.

मग एखाद्या सीए किंवा कर सल्लागाराच्या ऑफिसात दुपारी जायला लागा. पैसे फार मिळणार नाहीत, सुरुवातीला कदाचित येण्या-जाण्याचा खर्चच निघेल. अभ्यासक्रमातल्या ऑन जॉब ट्रेनिंगचं प्रमाणपत्र नुसतं सही-शिक्क्यावर आणणारे बरेच असतात. तुम्ही तेच काम खरं करा. पहिले दोन महिने तुम्हाला बिलं लावायला आणि बँक स्टेटमेंटच्या नोंदी करायला देतील. कुरकुर करू नका, नोंद कुठल्या खात्याला टाकायची हा निर्णय तिथंच शिकायला मिळतो. जीएसटीचा महिन्याचा फेरा समजून घ्या: दरमहा भरणाऱ्यांसाठी ११ तारखेला विक्रीचं जीएसटीआर-१, १४ ला खरेदीच्या क्रेडिटचं २बी तयार होतं, आणि २० ला कर भरायचं ३बी विवरणपत्र. व्यापाऱ्याची खरेदी वही आणि २बी जुळवून दाखवणारा पोरगा ऑफिसला हवाच असतो. जुलै ते सप्टेंबर विवरणपत्रं आणि ऑडिटची धांदल असते, त्या काळात सुट्ट्या मागू नका. शिकायला त्याच दिवसांत मिळतं.

एक पथ्य पाळा. अशिलाची उलाढाल, कर्ज, नोटीस यातलं काहीही गावच्या पारावर बोलायचं नाही. तालुक्याच्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात, आणि एकदा तोंड सैल म्हणून नाव झालं की या धंद्यात परत उभं करत नाहीत. कुणाचा पासवर्ड किंवा डिजिटल सही स्वतःजवळ ठेवू नका.

पुढं काय: निर्णय सेकंड इयर संपायच्या आत

सीए करायचं असेल तर दोन दारं आहेत. बारावीनंतर फाउंडेशन: लेखांकन, व्यवसाय कायदे, संख्यात्मक अभियोग्यता आणि व्यवसाय अर्थशास्त्र असे १०० गुणांचे चार पेपर, प्रत्येकात ४० आणि एकूण ५० टक्के हवेत. शेवटच्या दोन पेपरांत वस्तुनिष्ठ प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. किंवा पदवीनंतर थेट इंटरमीजिएट. कॉमर्सच्या पदवीधराला त्यासाठी ५५ टक्के लागतात. इंटरचे दोन्ही ग्रुप झाले की दोन वर्षांची आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचं प्रशिक्षण) आणि मग फायनल.

गणित आणि इंग्रजी बरं असेल आणि घरचा पाठिंबा असेल तर फाउंडेशन लगेच द्या. खेड्यातून, मराठी माध्यमातून आला असाल आणि पाया कच्चा वाटत असेल, तर माझा कल दुसऱ्या दाराकडे आहे. बी.कॉम. नीट करा, ऑफिसात हात बसवा, आणि ५५ ची रेघ विसरू नका. "पास झालो ना" म्हणत ५२ वर थांबलेल्यांना हे दार बंद होतं, आणि तो हिशोब तिसऱ्या वर्षाच्या शेवटी सुचून उपयोग नसतो. आकडेमोडीत उत्पादनाचा खर्च, साखर कारखाना, मळी-बगॅससारखी उपउत्पादनं यात रस असेल तर सीएमए (परिव्यय लेखापालाचा अभ्यासक्रम) बघा.

आपल्याकडे जी.डी.सी. अँड ए. (सहकार आणि लेखाशास्त्राची शासकीय पदविका) या परीक्षेकडे मात्र कमी लोक बघतात. राज्याचा सहकार विभाग ती घेतो, पदवीनंतर देता येते, आणि पास झाल्यावर ठरलेला अनुभव घेऊन सहकारी संस्थांच्या प्रमाणित लेखापरीक्षकांच्या नामतालिकेसाठी प्रयत्न करता येतो. पतसंस्था, सोसायट्या, दूध संस्था यांचं जाळं असलेल्या भागात हे काम कधी आटत नाही. पतसंस्थेचे अहवाल आधीपासून वाचत आला असाल तर निम्मी तयारी झालेलीच असते.

एमपीएससीचं वेड असेल तर महाराष्ट्र वित्त व लेखा सेवा आणि राज्यकर निरीक्षक ही पदं कॉमर्सवाल्याच्या ओळखीच्या कामाची आहेत. सहकार खात्यातले लेखापरीक्षक आणि लेखा व कोषागारे विभागातले कनिष्ठ लेखापाल यांच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवा. पण तयारीच्या नावाखाली पुण्यात खोली घेऊन चार वर्षं काढण्याआधी हातात कामाचा अनुभव असू द्या. एम.कॉम. प्राध्यापकीसाठी करणार असाल तर पुढं सेट-नेट लागते, त्यामुळे सेटचे जुने पेपर एम.कॉम.च्या पहिल्या सेमिस्टरमध्येच उघडा. दोन्हींचा बराच अभ्यासक्रम सारखा आहे.